ओढ आहे हे खरं, पण तेवढाच मी का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "वय २७, गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. कळायला लागल्यापासून मला मुलांबद्दलच आकर्षण वाटतं, मुलींबद्दल कधीच वाटलं नाही. घरी माहीत नाही. एक मित्र म्हणतो, तू गे आहेस, हीच तुझी ओळख, मान्य कर आणि मोकळा हो. काका माळकरी आहेत, त्यांना एकदा आडून विचारलं तर म्हणाले, मनात येतं ते म्हणजे आपण नव्हे, वासना येतात नि जातात, माणूस वागण्यावरून ओळखावा. मला दोघांचंही थोडं पटतं आणि दोघांचंही पूर्ण पटत नाही. दिवाळीनंतर घरी स्थळं बघायला लागणार आहेत. माझी इच्छा म्हणजेच मी का?"

तुला अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. मी २३ वर्षं समुपदेशनाचं काम करतेय, पहिली सात-आठ वर्षं व्यसनमुक्तीत गेली आणि नंतर मुख्यतः लग्न ठरलेली, झालेली, मोडायला आलेली जोडपी आणि तुझ्यासारखी एकेकटी येणारी मुलं-मुली. तुझा प्रश्न या ना त्या रूपात सारखा येतो, पण "माझी इच्छा म्हणजेच मी का" असं सरळ विचारणारे फार थोडे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते, सवडीने वाच.

आणि विचारलंस म्हणून लाजू नकोस. मराठीत हे प्रश्न नवीन नाहीत. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवायचे, वाचक पत्रं लिहून अगदी खाजगीतले प्रश्न विचारायचे आणि कर्वे छापून उत्तरं द्यायचे. त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. म्हणजे तुझ्या पणजोबांच्या काळात पण कुणीतरी रात्री कंदिलाजवळ बसून असं पत्र लिहीतच होतं.

माझं उत्तर आधीच सांगते, मग कारणं. तुझी ओढ म्हणजे अख्खा तू नाहीस, इथपर्यंत काकांचं बरोबर आहे. पण ती ओढ आयुष्यभर दडवायची असं ठरवलंस तर हळूहळू तुझं सगळं आयुष्य त्या दडवण्याभोवतीच फिरायला लागेल, म्हणजे जी गोष्ट ओळख होऊ नये म्हणून तू झाकतोयस तीच सगळ्यात मोठी होऊन बसेल. हे तुला मित्राने पण सांगितलं नाही आणि काकांनी पण नाही, आणि मी माझ्या खोलीत सगळ्यात जास्त हेच बघितलंय.

आता जरा सुटं करून बघू. ओढ, वागणं आणि ओळख या तीन गोष्टी आपण एकात एक कालवून टाकतो. ओढ म्हणजे आत काय होतं, ते तू निवडलेलं नाहीस, जसा आवाज कधी फुटला ते तू निवडलं नाहीस. वागणं म्हणजे त्या ओढीचं तू काय करतोस, तिथे निवड आहे. आणि ओळख म्हणजे स्वतःबद्दल तू स्वतःला आणि लोकांना काय सांगतोस, ती बनते, बदलते, वाढते, आणि ती बऱ्याचदा तुझ्या एकट्याच्या हातात नसते.

एड्स नियंत्रणाच्या कामात हा फरक फार लवकर लक्षात आला. फील्डवर जाऊन कुणाला विचारलं "तू गे आहेस का" तर उत्तर नाही असंच यायचं, ट्रक चालवणारा, दोन पोरांचा बाप, तो कशाला स्वतःला गे म्हणेल, त्याने तो शब्द स्वतःसाठी कधी वापरलेलाच नाही. तेच विचारलं "पुरुषांबरोबर संबंध येतात का" तर मान खाली घालून का होईना, हो म्हणायचा. म्हणून १९९० च्या दशकात त्या क्षेत्रात 'एमएसएम' हा शब्द रुळला, मेन हू हॅव सेक्स विथ मेन, त्यात फक्त काय घडतं तेवढं आहे, माणूस स्वतःला काय म्हणवतो याला हात लावलेला नाही. आणि त्याच वस्त्यांमध्ये लोकांची आपापली नावं होतीच की, कोथी, पंथी वगैरे, ती काही कुठल्या पुस्तकातून आलेली नव्हती. तर ओढ साधारण एक, वागणं साधारण एक, आणि ओळखी बघ किती. किन्सी नावाच्या संशोधकाने १९४८ मध्ये अमेरिकेत ओढीची जी मोजपट्टी काढली तीसुद्धा शून्य ते सहा अशी होती, मधे बरीच माणसं बसतात, ज्यांना दोन्हीकडे ओढ वाटते ती पण. तुझ्या पत्रावरून तू मधला वाटत नाहीस, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिलं.

मग ओळख कशाची बनते? माझी धाकटी बहीण डावखुरी. आमच्याकडे उजव्या हाताने लिहिणाऱ्या कुणालाही "उजवखोरा" म्हणून ओळखत नव्हते, तसा शब्दसुद्धा धड नाही, पण ती मात्र पहिल्यापासून "ती डावरी". देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी हातावर चापट मारायची, शाळेत बाईंनी डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली, शेवटी ती उजव्या हाताने लिहायला लागली आणि सगळ्यांना वाटलं सुटली सवय. आज ती ५१ वर्षांची आहे, सही उजव्या हाताने करते, आणि बटाटे सोलायला बसली की सोलाणं आपोआप डाव्या हातात जातं, आणि कुणी आलं की अजून, या वयात, ती पटकन हात बदलते. मी हे मागच्याच महिन्यात माझ्या ओट्यापाशी बघितलंय आणि माझ्या पोटात कालवलं. डावा हात ही तिची ओळख व्हायचं काही कारणच नव्हतं. ज्या गोष्टीवरून माणसाला वेचून बाजूला काढतात ती त्याची ओळख होऊन बसते, ती त्याने मागितलेली नसते.

'गे' या ओळखीचं बरंचसं असंच आहे. 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापून आला तोच १८६९ साली, केर्टबेनी नावाच्या लेखकाने प्रशियाच्या कायद्याविरुद्ध लिहिताना वापरला. ओढ त्याच्या आधी नव्हती का, होतीच. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत 'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम घातलं ते सुद्धा कृत्याबद्दल होतं, अमुक प्रकारचा माणूस असं त्यात लिहिलेलं नाही. पण पुढे ते कलम दाखवून खंडणी कुणाकडून उकळली, पोलीस चौकीत कुणाला बसवलं, तर माणसांना. मग त्या माणसांनी एकत्र यायला एक नाव घेतलं, मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० मध्ये निघालं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम बाजूला केलं. हे सगळं नाव घेतल्याशिवाय झालं नसतं. त्यामुळे कुणी म्हणायला लागलं की कशाला हवीत ही लेबलं, आपण सगळी माणसंच ना, तर मला ते फार घाईचं वाटतं. ज्याला त्या कारणावरून कधी मार पडला नाही त्याला नाव नको म्हणणं सोपं जातं.

आता काकांकडे येते, कारण त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाहीये. माझे वडील पण माळकरी होते. माळ घातली तेव्हा त्यांचं वय ३४, तोपर्यंत घरात रविवारी मटण व्हायचं. नंतर चाळीस वर्षं खाल्लं नाही. शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले, शेजारी रस्सा शिजतो तेव्हा अजून तोंडाला पाणी सुटतं गं. त्यांना गावात कुणी मटणाची आवड असणारा माणूस म्हणून ओळखत नव्हतं, माळकरी म्हणून ओळखायचे, आणि तेच खरं होतं, कारण त्यांनी इच्छेला नाही तर व्रताला आपली ओळख केली. काका तुला हेच सांगतायत आणि त्यात मोठी गोष्ट आहे. माणसाच्या मनात दिवसाकाठी शंभर इच्छा येतात, त्यातल्या कशालाही "हा मी" म्हणायची घाई करू नये, षड्रिपू वगैरे जे आपल्याकडे सांगतात ते काही उगाच नाही.

पण दोन गोष्टी काकांच्या लक्षात आलेल्या नाहीत, अर्थात तू आडून विचारलंस म्हणून येणार पण नाहीत. पहिली, माळ माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घातली, समजून उमजून, आणि ती घातल्याबद्दल त्यांना सगळ्या गावाने मान दिला, दिंडीत चालायला सोबत दिली. तुला जे सांगितलं जातंय ते व्रत दुसऱ्याने तुझ्या वतीने घेतलेलं आहे, त्यात सोबत नाही आणि ते सांगता पण येत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तुझी ओढ म्हणजे नुसती शरीराची भूक असं काका धरून चाललेत. तुझ्या मोठ्या पत्रात तू लिहिलंयस की कॉलेजला असताना होस्टेलवर एक मित्र तापाने फणफणला होता, तू रात्रभर त्याच्या कपाळावर घड्या बदलत बसलास आणि सकाळी तो उठून म्हणाला चहा घेऊ या, तेव्हा तुला वाटलं की हे असंच रोज असावं. बाळा, ही वासना नाही, याला प्रेम म्हणतात. काका आणि काकूंनी पस्तीस वर्षं एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवल्या ते ज्या जागेवरून येतं त्याच जागेवरून हे येतं. मुलीबद्दल असं वाटलं असतं तर त्याला कुणी वासना म्हटलं नसतं, म्हटलं असतं आता याचं लग्नाचं बघा.

इथे लोक मला हमखास विचारतात, मॅडम, दारूची पण ओढच असते, बेवड्याला पण वाटतं की त्याशिवाय जगू शकत नाही, मग ती दाबायची आणि ही का नाही? मी दोन्हीकडे काम केलंय म्हणून सांगते. व्यसनात तलफ हळूहळू बाकी सगळं खाऊन टाकते, मुलांची फी, लिव्हर, झोप, सकाळी हात थरथरतात म्हणून प्यायची आणि प्यायली म्हणून थरथरतात. एखाद्या माणसावर जीव जडणं हे असं काही करत नाही, उलट ज्यांना निभावणारा जोडीदार मिळाला ती मुलं माझ्याकडे यायची बंद होतात, कामं नीट करतात, आईबापाला पैसे पाठवतात, वजन वाढतं त्यांचं. नुकसान दिसतं ते लपवण्यामुळे आणि भीतीमुळे. आणि हो, सगळ्याच ओढी सारख्या असं मी म्हणत नाहीये, ज्या ओढीत समोरचा लहान मूल आहे किंवा त्याची संमती नाही तिथे ओढ कितीही आपोआप आलेली असो, ती वागण्यात उतरू द्यायची नाही, मदत घ्यायची, तिथे चर्चा नाही. तुझं तसलं काही नाही, दोन मोठी माणसं राजीखुशीने एकत्र येतात त्यात कुणाचं काय जातं.

पण व्यसनमुक्तीने मला नावाबद्दल एक गोष्ट शिकवली ती तुझ्या कामाची आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांचा गट, त्याच्या मीटिंगमध्ये माणूस उभा राहून म्हणतो मी अमुक, मी बेवडा आहे. पंधरा-पंधरा वर्षं थेंब न घेतलेली माणसं पण असंच म्हणतात. आमच्याकडे एक रिक्षावाले होते, अकरा वर्षं सोबर, मीटिंगला बॅज लावून यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे मी बेवडा. तेच एकदा माझ्यासमोर बसून रडले, कारण दिवाळीला भावाकडे गेले तर वहिनीने पोरांना हळूच सांगितलं की काकांच्या समोर पाकीट ठेवू नका, बेवडा आहे तो. शब्द तोच. मीटिंगमध्ये तो त्यांनी स्वतः हातात धरलेला होता, स्वतःला सांभाळायला, त्या घरात तो त्यांच्या पाठीवर चिकटवला होता. तेव्हापासून कुणीही मला विचारलं की हे नाव घेऊ की नको तर मी आधी विचारते, नाव कोण देतंय आणि कशासाठी.

तुझ्या मित्राला मी हेच विचारलं असतं. त्याचा हेतू चांगला आहे, तो स्वतः त्यातून गेला असणार आणि त्याला मोकळं वाटलं असणार, म्हणून त्याला वाटतं तुझंही तसंच व्हावं. गे हा शब्द तुला उपयोगी पडणारे, तो तू स्वतःशी म्हणून बघ, आरशासमोर म्हण, पहिल्यांदा घसा कोरडा पडेल. त्या शब्दाने तुला तुझ्यासारखी माणसं सापडतील, वाचायला सापडेल, डॉक्टरशी सरळ बोलता येईल. पण त्या शब्दाची कुणी तुझ्यावर सक्ती करू नये आणि तारीख तर मुळीच ठरवून देऊ नये. माझ्याकडे एक मुलगा यायचा, उत्तम पखवाज वाजवतो, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी छान घेतलं, टाळ्या वाजवल्या, केक कापला. सहा महिन्यांनी म्हणाला, ताई, आता मला जो तो त्याच विषयावर बोलतो, जूनमध्ये प्राइड महिना म्हणून पोस्टरवर फोटो हवा म्हणतात, मागच्या आठवड्यात मी कार्यक्रमात वाजवलं ते कसं झालं हे एकाने पण विचारलं नाही. त्याला लपायचं नव्हतं, त्याला एवढंच हवं होतं की पखवाज पण मोजला जावा. हे मागणं मला अगदी रास्त वाटतं.

आता दडवण्याचं बोलते, कारण तुझ्यापुढे दिवाळी आहे.

एक गृहस्थ आले होते, वय ४१, चांगल्या हुद्द्यावर. बसल्या बसल्या फोन टेबलावर पालथा ठेवला, मग उचलून खिशात ठेवला, मग दुसरा फोन काढून तो पण पालथा ठेवला. तासभरात मला कळलं की त्यांचा दिवस कसा जातो. दुसऱ्या सिमचा रिचार्ज कुठून करायचा, कुठलं अॅप कधी उडवायचं आणि कधी परत टाकायचं, बायकोसमोर टीव्हीवर कुठल्या हिरोकडे किती वेळ बघायचं, मित्रांच्यात कुठला जोक आला की किती जोरात हसायचं, कुणाला कोणती थाप मारली त्याचा हिशोब. त्यांना गायची आवड होती, सोडून दिली, कारण रियाजाला जायच्या वेळा त्यांनी भेटींसाठी थाप म्हणून वापरल्या आणि मग खऱ्या रियाजाला जायची लाज वाटायला लागली. मला म्हणाले, मी ठरवलं होतं की ही गोष्ट माझी ओळख होऊ देणार नाही, आणि आता माझ्याकडे दुसरं काही उरलंच नाही. काकांना हे कधीतरी सांगावं असं मला फार वाटतं, कारण वासना मोठी होऊ नये हीच त्यांची इच्छा आहे ना, मग ती कशाने मोठी होते ते बघायला हवं.

आणि त्या घरात दुसरं पण कुणीतरी असतं. अशाच एका दुसऱ्या घरातली बाई माझ्याकडे आली, लग्नाला नऊ वर्षं, सोबत कापडी पिशवी. पिशवीतून एकेक काढत गेली. गायनॅकच्या तीन फायली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. थायरॉइडचा रिपोर्ट, नॉर्मल. जिमची पावती. चेहऱ्याच्या क्रीमचं बिल. एका गुरुजींनी दिलेला ताईत, लाल दोऱ्यात. दोघांच्या पत्रिका, कुणीतरी मंगळ काढून दिला होता. एक नाइट गाउन, अजून टॅग लागलेला, तो तिने अर्धाच वर काढला आणि परत आत सरकवला. नऊ वर्षं ती हेच शोधत होती की माझ्यात काय कमी आहे. नवरा वाईट नव्हता, कधी हात उचलला नाही, पगार हातात द्यायचा, तिच्या आईच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात बसला. त्याला फक्त तिच्याबद्दल ओढ नव्हती आणि ते त्याला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तिला खरं कळलं त्या दिवशी ती म्हणाली, म्हणजे मी दिसायला बरी आहे का हो? एवढंच विचारलं तिने.

म्हणून तुला मी ओळख काय मानायची यावर मोकळीक देईन, नाव घे, नको घेऊस, पाच वर्षांनी घे, तुझी मर्जी, पण लग्नाच्या बाबतीत नाही देणार. जिला तू सांगितलेलं नाहीस अशा मुलीशी लग्न करू नकोस. तिथे तुझ्या ओळखीचा प्रश्न संपतो आणि तिच्या आयुष्याचा सुरू होतो. लग्न झाल्यावर बदलेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, मी एकाचंही बदललेलं बघितलेलं नाही. कायद्याने पण महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली रद्द करायला कोर्टात जाता येतं, पण कोर्टापर्यंत जाण्याआधी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मुलीला सगळं माहीत असून दोघांच्या सोयीने लग्न करणारे पण असतात, त्यात मी पडत नाही, फक्त एवढंच की मूल कधी, असं दोन्ही घरं दुसऱ्या वर्षापासून विचारायला लागतात तेव्हा ती सोय किती टिकते ते आधी बोलून घ्यावं.

उपचारांचं पण आताच सांगून ठेवते, कारण घरी कळलं की पहिली धाव तिकडेच असते. हा आजार नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. पण त्यांच्या त्या यादीत एक फट राहिली होती, ओढ आजार नाही पण त्या ओढीचा माणसाला स्वतःला त्रास होत असेल तर ते निदान, आणि त्या फटीतून कितीतरी मुलांना 'उपचार' झाले, शॉक, गोळ्या, उलटीची औषधं. त्रास का होतो, तर आजूबाजूचे जगू देत नाहीत म्हणून, आणि औषध मात्र मुलाला. नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ती फट पण बुजवली. मद्रास हायकोर्टाने जून २०२१ मध्ये असल्या कन्व्हर्जन थेरपीवर बंदीचे निर्देश दिले आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की डॉक्टरने हे करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. तेव्हा कुणी डॉक्टर, समुपदेशक, महाराज, कुणीही बदलून देतो म्हणाला तर तिथून उठून यायचं, फी भरली असली तरी.

पण त्रास होतोय, झोप लागत नाही, जिवाचं बरं-वाईट करावंसं वाटतं, असं असेल तर त्यासाठी मदत जरूर घ्यायची, ते वेगळं. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, कधीही लागते, मराठीत बोलतात. तू पत्रात लिहिलंयस की रात्री तीनला जाग येते आणि मग सकाळपर्यंत पंखा बघत पडतोस. हे किती दिवस चाललंय ते तू लिहिलं नाहीस. दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर वाट बघू नकोस, मानसोपचारतज्ज्ञाला भेट, ओढीसाठी नाही, झोपेसाठी आणि मनावरच्या ओझ्यासाठी.

तू विचारलंस दोघांपैकी कोण बरोबर. मला वाटतं तुझ्या मित्राला माहितीये की ही गोष्ट खरी आहे आणि दाबून जात नाही, आणि काकांना माहितीये की माणूस एका गोष्टीपेक्षा मोठा असतो, आणि तुला या दोन्ही गोष्टी एकदमच हव्यात. तू मुलांकडे ओढ असणारा आहेस, आणि तू बापाच्या कर्जाचे हप्ते भरणारा मुलगा आहेस, बहिणीच्या बारावीसाठी सुट्टी काढून गावी जाऊन बसणारा भाऊ आहेस, मित्राच्या कपाळावर घड्या ठेवणारा आहेस, हे सगळं तुझ्याच पत्रातलं आहे, मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. यातलं पहिलं सांगितलं की बाकीचं पुसलं जाईल अशी तुला भीती आहे. काही लोकांच्या लेखी पुसलं जाईल, खोटं कशाला बोलू. शाळेत तुला बायल्या म्हणणारे ज्या घरांतून आले ती घरं अजून आहेत. पण आईच्या लेखी पुसलं जाईल असं आत्ताच धरून चालू नकोस. माझ्या अनुभवात आया आधी रडतात, मग नवस बोलतात, मग कधीतरी सहा महिन्यांनी, वर्षाने, फोनवर विचारतात, जेवलास का, आणि तो आहे का रे तिथे, तो जेवला का. सगळ्या नाही, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. मुंबईत अशा आईवडिलांचाच एक गट आहे, स्वीकार, तिथे तुझ्या आईच्या वयाची माणसं आहेत, पुढेमागे तिला त्यांच्याशी बोलता येईल.

सांगायची घाई नाही. सांगण्याआधी तुझी कागदपत्रं, मार्कशीट, आधार, बँकेचं जे काही, गावी कपाटात असेल तर पुण्याला आणून ठेव, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असू दे, आणि ज्या रात्री सांगशील त्या रात्री झोपायला दुसरं एक घर ठरवून ठेव, लागणार नाही बहुतेक, पण असू दे. काकांना आधी सांगायचं असं तुझ्या मनात आहे असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं. वाईट कल्पना नाही. पण आडून नको, सरळ सांग, माणसाला सरळ विचारलं की तो सरळ विचार करतो, आणि ज्याने आयुष्यभर एक व्रत पाळलंय त्याला खरं बोलण्याची किंमत कळत असणार.

तोपर्यंत एक काम मात्र याच आठवड्यात कर. आईला फोन करशील तेव्हा सांग की दिवाळीनंतर स्थळं बघायची नाहीत, मला आत्ता लग्न करायचं नाहीये, कारण काय ते मी स्वतः येऊन सांगेन. नोकरीचं, प्रमोशनचं, फ्लॅटचं कारण देऊ नकोस, ती कारणं संपतात आणि मग ते परत विचारतात. आणि तुझा बायोडाटा मामांनी कुणाला पाठवला असेल तर तो फोटोसकट परत मागवायला सांग, कारण तिकडे कुठल्या तरी घरात एक मुलगी तो फोटो बघत असेल.